वापरलेली कन्व्हर्टिबल आणि साठ दिवसांचा नियम

अमेरिकेतल्या देशी माणसाची गाडी ओळखायला फार हुशारी लागत नाही. रविवारी देवळाच्या पार्किंगमध्ये उभं राहायचं आणि मोजायचं. कॅमरी, अकॉर्ड, सीआरव्ही, ओडिसी, मग पुन्हा कॅमरी. रंग रुपेरी नाहीतर राखाडी, डॅशबोर्डवर गणपती. मी टिंगल करत नाहीये हं. माझी स्वतःची रुपेरी कोरोला आहे आणि गणपतीही आहे. पण त्या पार्किंगमध्ये दोन दारांची गाडी क्वचित दिसते आणि छप्पर उघडणारी तर नाहीच. आजचा लेख अशा गाडीबद्दल आहे. वापरलेली, मध्यम आकाराची, आरामशीर आणि खिशाला झेपणारी. शून्य ते साठ किती सेकंदात वगैरे वाचायला कोणी आलं असेल तर निराशा होईल, आधीच सांगून ठेवतो.

आधी थोडा इतिहास. कूपे हा शब्द आपल्याला रेल्वेमुळे माहीत आहे, फर्स्ट क्लासमधला दोघांचा छोटा डबा. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ 'कापलेला'. घोडागाडीचा मागचा भाग कापून दोघांपुरती केलेली ती कूपे. अमेरिकेत मात्र कूपे म्हणजे निव्वळ वेगाची गाडी असं कधीच नव्हतं. १९५८ साली फोर्डने थंडरबर्डला मागची सीट दिली, १९७० मध्ये शेवरोलेची माँटे कार्लो आली, आणि १९७६ साली ह्या देशात सगळ्यात जास्त खपलेली गाडी होती ओल्ड्समोबिलची कटलस. त्या कटलसमध्ये दोन दारांच्या गाड्यांचा भरणा मोठा होता. लांबलचक दार, सोफ्यासारखी सीट, मऊ सस्पेन्शन. पोरंबाळं मोठी झालेली किंवा अजून व्हायची असलेली माणसं ह्या गाड्या घेत. थोडक्यात, कुटुंबाची गाडीच, पण दोघांसाठी.

कन्व्हर्टिबलचं नशीब वेगळं. १९७६ची कॅडिलॅक एल्डोराडो 'शेवटची अमेरिकन कन्व्हर्टिबल' म्हणून विकली गेली. लोकांनी आठवण म्हणून घेऊन ठेवल्या. मग १९८२ मध्ये ली आयकोकांच्या क्रायस्लरने लेबॅरन कन्व्हर्टिबल काढली आणि 'शेवटची' ही गोष्ट सहा वर्षांत संपली. पुढे सेब्रिंग आली, टोयोटाने कॅमरीच्याच पायावर सोलारा काढली. होंडाची अकॉर्ड कूपे तर १९८८ पासून होतीच. आता ह्यातलं काही नवीन मिळत नाही. सोलारा २००८ मध्ये बंद झाली, सेब्रिंगची वारस क्रायस्लर २०० कन्व्हर्टिबल २०१४ मध्ये, अकॉर्ड कूपे २०१७ मध्ये. सगळ्यांना उंच एसयूव्ही हवी झाली.

आणि इथेच आपल्यासारख्यांचा फायदा आहे. अकॉर्ड कूपेचं इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, जवळजवळ सगळं अकॉर्ड सेडानशी नातं सांगणारं. म्हणजे पार्ट कुठेही मिळतात, कुठलाही मेकॅनिक हात लावतो. पण कार सीट बसवायला त्रास म्हणून बाळवाले ती घेत नाहीत, आणि ज्यांना शर्यत करायची आहे ते मस्टँग घेतात. मध्ये उरते ती साधी चार सिलिंडरची ऑटोमॅटिक कूपे. तिला कोणी विचारत नाही. व्ही-सिक्स आणि मॅन्युअल गिअरच्या अकॉर्ड कूपेवर मात्र शौकीन टपून बसलेले असतात, तिच्या नादी लागू नये. बाजाराला जे नको असतं पण जे बिघडत नाही, ते घ्यावं. शेअरवाले काकाही हेच सांगतात, फक्त जास्त वेळ लावतात.

आता मुद्द्याची गोष्ट. आमच्या घरात दुसऱ्या गाडीची गरज कशी निर्माण झाली? बायकोला नोकरी लागली. वाक्य लहान आहे, पण त्याच्यामागे अडीच वर्षं आहेत. ती एच-फोरवर इथे आली. माझा आय-१४० मंजूर झाला, मग तिचा अर्ज, मग वाट बघणं, मग ते वर्क परमिटचं कार्ड आलं आणि पाच आठवड्यांत तिने एका लॅबमध्ये नोकरी मिळवली. घरापासून सतरा मैल. कोलंबसमध्ये बसच्या भरवशावर सतरा मैल जायचं म्हणजे डबा दोन वेळचा न्यावा लागेल. तेव्हा गाडी हवी, आणि ती गाडी तिची.

पण एक गोष्ट विसरून चालत नाही. एच-वन-बीवाल्याची नोकरी गेली तर २०१७ पासूनच्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी नोकरी शोधा, व्हिसाचा प्रकार बदला, नाहीतर सामान बांधा. आणि माझा स्टेटस गेला की तिचं परमिटही गेलंच, मग तिची लॅब तिच्यावर कितीही खूश असो. २०२३ मध्ये आमच्या टीममधल्या एका मुलाचं असं झालं. आठ महिन्यांपूर्वी नवीकोरी एसयूव्ही घेतलेली, जवळजवळ सगळी कर्जावर. विकायला गेला तर गाडीची किंमत उरलेल्या कर्जापेक्षा चार हजारांनी कमी. म्हणजे गाडी देऊन वर स्वतःच्या खिशातले चार हजार डॉलर द्यायचे, तेही पगार थांबलेला असताना. त्याने दिले. एअरपोर्टला मीच सोडलं त्याला. रस्त्यात बराच वेळ तो गाडीबद्दलच बोलत होता, बाकी कशाबद्दल नाही.

त्यानंतर मी घरात 'साठ दिवसांचा नियम' काढला. कलमं तीन. एक, गाडीवर कर्ज नको. दोन, गरज पडली तर दोन आठवड्यांत विकता आली पाहिजे. तीन, विकताना जे नुकसान होईल ते एका महिन्याच्या घरभाड्यापेक्षा फार जास्त नको. एक्सेल शीट केली, अर्थातच. आडव्या ओळीत गाड्या, उभ्या ओळीत किंमत, विमा, टायर, विकायची किंमत. ह्या शीटमध्ये दहा-बारा वर्षांची अकॉर्ड कूपे पहिली आली. कारखाना आमच्यापासून तीसेक मैलांवर, मेरीसव्हिलला. तिथे १९८२ साली अकॉर्ड बनू लागली, आणि पहिली अकॉर्ड कूपे तर तिथे बनून उलट जपानला निर्यात झाली होती. मी खूश.

बायकोने शीट नीट वाचली. मग म्हणाली, "मला टप उघडणारी हवी."

ती म्हापशाची. लहानपणी तिने पणजीत एक सॅन स्टॉर्म बघितलेली. बऱ्याच जणांना ही गाडी आठवत नसेल. गोव्यात बनायची, फायबरग्लासची बॉडी, दोन सीट, छोटं रेनोचं इंजिन. फार खपली नाही. पण भर रस्त्यात छप्पर नसलेली गाडी आणि आत बसून हसणारी दोन माणसं हे सात-आठ वर्षांच्या मुलीच्या डोक्यात बसलं ते बसलं. मी तिला ओहायोचा हिवाळा सांगितला, रस्त्यावरचं मीठ सांगितलं, कापडी छपराचा खर्च सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"गाडी साठ दिवसांत विकता येईल का, हे तू बघतोस," ती म्हणाली. "तोपर्यंतचे दिवस कसे जातील ह्याचा कॉलम कुठाय?"

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. इथे आल्यापासून सोफा 'नंतर', झाडं 'नंतर', भिंतीवरची चित्रं 'नंतर', सगळं ग्रीन कार्डानंतर. भारतीयांची रांग किती लांब आहे ते सगळ्यांना माहीत आहे. त्या हिशोबाने सोफा आमच्या निवृत्तीच्या सुमारास आला असता. आणि पहिला पगार तिचा, गाडी तिची. मग मी नियम न मोडता कन्व्हर्टिबल बसते का, हे बघायला लागलो.

अडचण दुसऱ्या कलमाची होती. कन्व्हर्टिबल एप्रिल-मे मध्ये पटकन जाते, डिसेंबरमध्ये पडून राहते. नोकरी कुठल्या महिन्यात जाईल हे आपल्या हातात नसतं. पण जरा विचार केला तर ह्याचं उत्तर त्यातच आहे. हिवाळ्याच्या तोंडावर घ्यायची! जी गाडी मी नोव्हेंबरच्या पडत्या भावाला घेतली, ती मला सर्वात वाईट महिन्यात विकावी लागली तरी साधारण त्याच भावाला जाईल. उन्हाळ्यात विकली तर उलट चार पैसे जास्त. छत्री पाऊस संपल्यावर घ्यावी, तसंच हे. फक्त पाच महिने घेतलेल्या छत्रीकडे बघत बसायची तयारी पाहिजे.

मग कुठली? हार्डटॉप की कापडी? फोक्सवॅगन ईऑस, व्होल्वो सी-सेव्हंटी, पाँटिॲक जी-सिक्स ह्या गाड्यांचं छप्पर पत्र्याचं आणि घडी होऊन डिकीत जाणारं. बंद असताना अगदी कूपे. दिसायला जादू, पण त्या जादूत मोटर, सेन्सर, बिजागऱ्या आणि रबरी पट्ट्या इतक्या असतात की पंधरा वर्षं जुनी घ्यायची तर भीती वाटते. आम्ही सॉफ्टवेअरवाले, आम्हाला कळतं. हलणारे भाग जितके जास्त, तितके बग जास्त. कापडी छप्पर साधं. फाटलं तर बदलता येतं, किंमत आधी ठाऊक असते. सेब्रिंग स्वस्त दिसते, पण तिच्या जुन्या २.७ लिटर इंजिनात तेलाचा गाळ होण्याची ख्याती आहे. युरोपियन गाड्या घ्यायला स्वस्त आणि सांभाळायला महाग. उरली टोयोटा सोलारा, २००४ ते २००८ची. कॅमरीच्या घरची, ३.३ लिटर व्ही-सिक्स, मागे दोन माणसं खरोखर बसू शकतात. गाड्यांची परीक्षणं लिहिणारे तिला 'फार मऊ' म्हणून नावं ठेवत. आम्हाला मऊच हवी होती.

बघायला जाताना मी यादी नेली होती. ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी इथे देतो.

व्हीआयएन नंबर सतरा अक्षरांचा असतो. पहिलं अक्षर कुठे बनली ते सांगतं: १, ४ किंवा ५ म्हणजे अमेरिका, २ कॅनडा, ३ मेक्सिको, जे म्हणजे जपान. दहावं अक्षर मॉडेलचं वर्ष. हाच नंबर एनएचटीएसएच्या साईटवर टाकला की न केलेले रिकॉल फुकटात कळतात. टकाटा एअरबॅगचा रिकॉल अमेरिकेतला आजवरचा सर्वात मोठा, सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटरचा. जुनी गाडी घेताना हे बघितलंच पाहिजे, कंपनी फुकट बदलून देते.

टायरवर डीओटीच्या पुढचे शेवटचे चार आकडे बघावेत. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नवीसारखी असली तरी रबर म्हातारं असू शकतं, आणि कमी चालवलेल्या कन्व्हर्टिबलमध्ये हमखास असतं.

छप्पर तीनदा उघडबंद करावं, एकदा नाही. मागची काच कापडापासून सुटते आहे का ते बोट फिरवून बघावं. डिकीत हायड्रॉलिक तेलाचे ओघळ शोधावेत. मालकाची परवानगी घेऊन गाडी कार-वॉशमधून काढावी आणि मग गालिचा दाबून बघावा. शेवटी नाकावर भरवसा ठेवावा. कुबट वास लपवता येत नाही.

पहिली सोलारा ह्याच कलमात बाद झाली. एका डीलरकडे होती, चकचकीत, पाईनच्या वासाची झाडं तीन लटकवलेली. तीन! स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक वाळूचा थर आणि सीटखालच्या रुळांवर गंज. इतिहास काढला तर गाडी फ्लोरिडाची. वादळात बुडालेल्या गाड्या धुऊन पुसून उत्तरेकडे येतात हे वाचलं होतं, ते समोर दिसलं. काचेवर 'ॲज इज' लिहिलेला कागद होताच, म्हणजे नंतर तक्रारीला जागा नाही. आम्ही नमस्कार करून निघालो.

दुसरी मिळाली एका निवृत्त आजींकडे. २००८ची, ८९,००० मैल, हिवाळ्यात गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली. मी आधीच फोनवर सांगितलं होतं की इंजिन आम्ही येईपर्यंत चालू करू नका. थंड इंजिनच खरं बोलतं, गरम झालं की सगळ्या गाड्या गोड वागतात. चालू केली, एकही आवाज नाही. स्वतंत्र मेकॅनिककडे १४० डॉलर देऊन उचलून बघितली. खाली गंज वरवरचा, ब्रेकच्या नळ्या ठीक. एकच मोठी गोष्ट: ह्या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे, साखळी नाही, तो ९०,००० मैलांना बदलतात, आणि ह्या गाडीचा बदललेला नव्हता. मैल भरले नसले तरी वर्षं भरून गेली होती. बेल्ट आणि पाण्याचा पंप मिळून ९०० डॉलरचं कोटेशन मी आजींना दाखवलं. त्यांनी ८,२०० मागितले होते, ७,३०० ला दिली. उन्हाळ्यात अशाच गाडीला ९,५०० मागणारे मी शीटमध्ये नोंदवून ठेवले होते.

ओहायोत टायटलवर विकणाऱ्याची सही नोटरीसमोरच व्हावी लागते, आणि सेल्स टॅक्स टायटल ऑफिसमध्ये भरायचा. तेव्हा आम्ही तिघंही आजींच्या बँकेत गेलो. सही करून झाल्यावर आजी बायकोला म्हणाल्या, फार थंडीत छप्पर उघडू नकोस, कापड कडक झालेलं असतं, ताण पडतो. मग किल्ली दिली. टायटलवर नाव फक्त तिचं. कोरोला माझ्या नावावर, भाड्याचा करार माझ्या नावावर, व्हिसाच्या कागदांवर ती माझी 'अवलंबित'. एवढा एक कागद निव्वळ तिचा होता. तिने तो घरी येऊन दोनदा वाचला.

आता आरामाचं. छप्पर कापलं की गाडीचा कडकपणा कमी होतो, म्हणून कंपनी खालून पत्रा आणि पट्ट्या वाढवते, वजन वाढतं. तरी रेल्वे क्रॉसिंगवर काचेची चौकट किंचित थरथरते. पडदा-एअरबॅग लावायला छप्परच नाही. म्हणून दोघांनी ठरवलंय, ही शहराची आणि गावरस्त्यांची गाडी, बर्फ पडला की कोरोला. दारं लांब आणि जड, अरुंद पार्किंगमध्ये पोट आत घेऊन उतरावं लागतं. मागचं दिसत नाही, म्हणून रिव्हर्स कॅमेरा वेगळा बसवला. हे सगळं खरं आहे. आणि हेही खरं आहे की दीड तास चालवून उतरलं तरी पाठ दुखत नाही. व्ही-सिक्सचा आवाज येत नाही. छप्पर बंद असताना ती एक जुनी, शहाणी कॅमरी असते.

सांगलीला फोन केला तेव्हा बाबांनी पहिला प्रश्न विचारला तो मायलेजचा. मी म्हटलं, "गावात लिटरला साडेसात-आठ किलोमीटर." पलीकडे शांतता. त्यांनी चेतक अठरा वर्षं चालवली, चढावर आईला उतरवून. मग म्हणाले, "सूनबाई चालवते ना स्वतः?" म्हटलं हो, रोज. "मग ठीक आहे," म्हणाले, "तेल पाणी बघत जा." बाबांची मंजुरी ह्याहून लांब नसते.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा छप्पर उघडलं. सायोटो नदीच्या कडेने, ताशी पस्तीस मैलांनी, हीटर पायाशी चालू ठेवून. सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या एका लहान पोराने हात केला. तिनेही केला. कानात वारा असल्यामुळे तासभर कोणी कोणाशी बोललं नाही, आणि त्या तासात मला ऑफिस आठवलं नाही.

ऑफिसात सध्या पुन्हा कुजबुज आहे. मॅनेजरच्या कॅलेंडरमध्ये नाव नसलेल्या मीटिंगा दिसतात. मी शीट दर महिन्याला भरतो. विकायची किंमत सध्या आमच्या खरेदीपेक्षा थोडी वरच आहे, बेल्टचे पैसे धरले तर बरोबरीत. तिन्ही कलमं पाळली जातायत. मागच्या आठवड्यात शीट उघडली तर शेवटी एक नवा कॉलम होता. मथळा, 'टप उघडं'. खाली तारखा. मी मोजल्या, एकतीस होत्या.

कॉलम मी लॉक करून ठेवलाय, चुकून डिलीट होऊ नये म्हणून.